छत्रीची खरी गोष्ट

शिकागोच्या रस्त्यावर दोन लुटारूंना मी छत्री उगारून पळवून लावलं, ही गोष्ट आदिलाबादेत निदान शंभर जणांनी माझ्या तोंडून ऐकली असेल. २००५ साली असल्याच एका दिवाळी अंकात मी ती लिहूनही काढली होती. लोकांना आवडली. दोन-तीन पत्रं आली, एका शाळेनं पंधरा ऑगस्टला मुलांपुढे सांगायला बोलावलं, आणि पुढे कितीतरी दिवस चौकात कुणी भेटलं की 'काय गुरुजी, छत्री कुठाय?' असं विचारून हसायचं. मीही हसायचो.

आज तीच गोष्ट पुन्हा लिहायला बसलो आहे, कारण ती खोटी आहे. शिकागो खरं, लुटारू खरे आणि छत्रीही खरी. पण त्या संध्याकाळी पळालं कुणीच नाही. ते दोघं शांतपणे चालत निघून गेले आणि आम्ही दोघं नवराबायको भर पावसात उभे राहिलो. एवढं लिहायला मला एकवीस वर्षं लागली.

तसा आमच्या घराण्यात परदेशात लुबाडला गेलेला मी पहिला नव्हे. माझ्या आजोबांच्या काळी परदेश म्हणजे पैनगंगेचा पलीकडचा काठ. आमचं मूळ गाव जैनथकडचं. अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे वऱ्हाड. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच, पण अंमल इंग्रजांचा. नाणं वेगळं, पोलीस वेगळे, मधे करोडगिरीचा नाका. आपल्याकडे हाली सिक्का चालायचा, तिकडे कलदार. साधारण सात हालीला सहा कलदार असा हिशेब आजोबा बोटांवर करून दाखवत. पांढरकवड्याच्या बाजारात बैल विकले की कलदार कमरेच्या कशात बांधून सागाच्या जंगलातून पायी परत यायचं. चोर जंगलात असायचेच. इकडे चोरी केली की नदी उतरून तिकडे आणि तिकडे केली की इकडे, त्यामुळे दोन्ही राज्यांचे पोलीस आपापल्या काठावर उभे राहून मिशा पिळत, असं आजोबा सांगायचे.

आजोबा म्हणून दोन कसे बांधत. एक धोतराच्या आत, 'घरचा'. दुसरा वर दिसेल असा, त्यात पाच-सात रुपये. त्याला ते 'चोराचा कसा' म्हणत. चोरानं हटकलं की हा सोडून द्यायचा, हात जोडायचे आणि चालू लागायचं. बरीच वर्षं हे जमलं. एकदा मात्र चोर जाणते निघाले आणि दोन्ही कसे गेले. त्या खेपेला बैल भावकीतल्या तिघांचे होते. आजोबा गावी आले, घडलं ते सांगितलं. अंगावर एक ओरखडा नव्हता, आणि तेच आडवं आलं. 'लुटलं म्हणता, मंग लागलं कसं नाही?' असं एकानं विचारलं. आजोबांनी पैसे बांधावर पुरले, ही वदंता मी शाळेत जायला लागलो तोवर गावात जिवंत होती. चोरांनी आजोबांना एकदा लुटलं. भावकीनं जन्मभर.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तिच्यातलं महत्त्वाचं काय, ते मला फार उशिरा कळलं.

आता शिकागो. २००१ साली मी शाळेतून निवृत्त झालो. २००४ च्या उन्हाळ्यात मुलाकडे गेलो, तेव्हा तो डेव्हन ॲव्हेन्यूपासून पंधरा मिनिटांवर राहत होता. डेव्हन म्हणजे आपलीच पेठ. साड्या, सोनं, मिठाई, तुरीची डाळ, सगळं एका रस्त्यावर. पहिल्याच आठवड्यात मुलानं मला समोर बसवून धडा दिला. बाबा, वीस डॉलर वेगळ्या खिशात ठेवा. कुणी अडवलं तर ते द्या. चेहऱ्याकडे टक लावून पाहू नका. हात दिसतील असे ठेवा. खिशात हात घालायचा झाला तर आधी सांगा, मग घाला. एकदम घातलात तर त्याला वाटेल की हत्यार काढताहेत. मी म्हटलं, अरे, हा तर आजोबांचा चोराचा कसा! मुलाला कौतुक वाटलं. न्यूयॉर्कमध्ये जुने लोक असे पैसे वेगळे ठेवत असत, असं तो म्हणाला.

त्यानंच मला तिकडच्या दोन गोष्टी सांगितल्या. एक न्यूयॉर्कची. १९८४ च्या डिसेंबरात बर्नहार्ड गेट्झ नावाच्या माणसाकडे भुयारी रेल्वेत चार तरुणांनी पाच डॉलर मागितले. त्यानं पिस्तूल काढून चौघांनाही गोळ्या घातल्या. त्यातला एक जन्माचा पांगळा झाला. अर्धं शहर त्याला वीर म्हणालं आणि अर्धं खुनशी. १९८७ साली ज्यूरीनं मोठ्या आरोपांतून त्याला सोडलं, बेकायदा पिस्तुलापुरतंच दोषी धरलं. आणि १९९६ साली दुसऱ्या ज्यूरीनं, दिवाणी दाव्यात, त्या पांगळ्या मुलाला चार कोटी तीस लाख डॉलर द्यायला सांगितले. दुसरी गोष्ट शिकागोचीच. झिमरिंग आणि झ्युएल या दोघांनी १९८६ साली तिथल्या लुटींचा अभ्यास छापला. रस्त्यावर लुटताना जे झटापट करतात, त्यांच्यात जीव जाण्याचं प्रमाण मुकाट देऊन टाकणाऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त, असं त्यांना आढळलं. त्याला उलटं उत्तर देणारे अभ्यासकही तिकडे आहेत, आणि विरोध केल्यानं पुष्कळदा माल वाचतो असं ते दाखवतात. मुलगा म्हणाला, 'बाबा, माल वाचतो तो वाचणाऱ्यांचा. आपण कुठल्या गटात पडणार हे आधी कुठे कळतं?'

मला हे सगळं पटलं होतं. पटलेलं अंगात उतरायला वेळ लागतो, एवढंच.

सप्टेंबरची संध्याकाळ होती. बारीक पाऊस. डेव्हनवरून मेथीची जुडी आणि शेवया घेऊन मी आणि ही, एकाच छत्रीखाली, घराकडे निघालो होतो. मोठा रस्ता सोडून गल्लीत वळलो. दोन्ही बाजूंना झाडं आणि बंद दारं. समोरून दोघं आले आणि वाट अडवून उभे राहिले. टोप्या पुढे ओढलेल्या. एकाचा हात कोटाच्या खिशात. त्या खिशात काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. पिस्तूल असेल, नुसतं बोटही असेल.

तो काहीतरी बोलला. मला कळलं नाही. घाबरलं की कानही बंद होतात. मुलाचा धडा पार विसरून मी घाईघाईनं आतल्या खिशात हात घातला, आणि तो एकदम पुढे सरकला. तेवढ्यात ही म्हणाली, 'अहो, हात बाहेर काढा.' तिनं ते अशा आवाजात म्हटलं की मी काढला. भाषा मराठी, पण त्यालाही ती समजली असावी. तो थांबला.

वीस डॉलर दिले. पाकीट दिलं, त्यात शंभरेक होते. दुसऱ्यानं माझ्या मनगटाकडे बोट केलं. निवृत्तीच्या वेळी मुलांनी वर्गणी काढून दिलेलं किल्लीचं एच.एम.टी. घड्याळ होतं. काढून दिलं. त्यानं ते दिव्याच्या उजेडात उलटंसुलटं पाहिलं आणि कडेच्या गवतात फेकून दिलं. मग त्यानं हिच्या गळ्याकडे बोट केलं.

इथे माझी लेखणी अडते. २००५ च्या लेखात नेमकी इथेच मी छत्री उगारली होती. 'जय भवानी' म्हणून ओरडलोही होतो.

खरं असं घडलं. हिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी म्हटलं, 'देऊन टाक.' तिनं पदर बाजूला केला, मंगळसूत्र डोक्यावरून काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. आपण दुकानदाराच्या हातावर सुटे पैसे ठेवतो तसं. माझ्या हातात छत्री उघडीच होती. मी ती तिच्या डोक्यावर धरून उभा होतो. सबंध वेळ मी एवढंच काम केलं.

ते गेल्यावर हिनं गवतातून घड्याळ शोधून काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्या मनगटावर बांधलं. घरी आल्यावर मुलानं पोलिसांना फोन केला. एक बाई आल्या, सगळं लिहून घेतलं आणि निघताना मला म्हणाल्या, 'तुम्ही योग्य तेच केलंत.' मुलानं ते मराठीत सांगितलं, जणू मला इंग्रजी येतच नव्हतं. मी मान हलवली. पण ते वाक्य मला काही केल्या गिळता येईना. बायकोच्या गळ्यातलं मंगळसूत्र नवऱ्यानं आपल्या तोंडानं 'देऊन टाक' म्हणावं आणि पोलिसानं शाबासकी द्यावी! आदिलाबादेत कोण म्हणेल, योग्य केलंत?

पुढच्या रविवारी मुलानं डेव्हनवरच नवं मंगळसूत्र घेतलं. आम्ही परत आलो.

चौकातल्या आमच्या कट्ट्यावर पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी विचारलं, तिकडे म्हणे फार लुटालूट असते? मी म्हटलं, आम्हालाच अडवलं होतं की. सगळे पुढे सरकले. 'मग?' त्या 'मग'मध्ये इतकी आशा होती, की मला खरं सांगवेना. माझं तोंड आपोआप चालू लागलं. छत्री मिटली, उगारली, ओरडलो, आजूबाजूचे दिवे लागले आणि चोर पसार. कुणी विचारलं, दिसायला कसे होते? टोप्यांखेरीज मी काही पाहिलं नव्हतं. तरी त्यांचा रंग, उंची, दाढी, सगळं सांगितलं. कुणाला शंका आली असती तर पुरावाही होता. मी बाही मागे केली. घड्याळ टिकटिकत होतं. 'घड्याळसुद्धा जाऊ दिलं नाही गुरुजींनी!'

हिच्या गळ्यातल्या नव्या वाट्या शेजारणींच्या नजरेतून सुटल्या नाहीत. 'तिकडं नवीन घडवलं व्हय?' 'हो,' ही म्हणाली. लेख छापून आला तेव्हा तिनं तो चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, अंक मिटला आणि म्हणाली, 'छत्री छान लिहिलीत. मी जिवंत आले म्हणून तुम्हाला लिहिता आलं, नाहीतर काय लिहिलं असतंत?' पुन्हा कधी विषय काढला नाही. म्हणजे असं मला वाटलं होतं.

कट्ट्यावर मात्र त्या गोष्टीवरून पुष्कळ दिवस वाद रंगले. आमच्यात एक वकील होते. ते म्हणायचे, कायदा तुमच्याच बाजूचा आहे. १८६० च्या दंडविधानात कलम १०३ होतं; जबरी चोरी करणाऱ्याला रोखताना, दुसरा इलाजच नसेल तर, त्याचा जीव गेला तरी तो आत्मसंरक्षणाचा हक्क धरला जातो. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तिच्यात हेच कलम ४१ झालं आहे. पण ते लगेच पुस्ती जोडत, गरजेपेक्षा जास्त मारलंत तर मग तुम्ही आणि कोर्ट. दुसरे एक म्हण सांगायचे: म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज दिलंत की उद्या दुसऱ्याला लुटणार. त्यावर तिसरा म्हणे, शिर सलामत तर पगडी पचास. मग कुणीतरी हमखास आवाज चढवायचा, 'अरे, आपण कोमराम भीमच्या जिल्ह्यातले! आपण कायले देऊन टाकायचं?'

त्या वेळी मी मान डोलावायचो. आता वाटतं, आम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका दावणीला बांधत होतो. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना छातीवर घेऊन पडला, तो पाणी, जंगल आणि जमिनीसाठी. ती जमीन पुन्हा विकत मिळणारी नव्हती, आणि समोरचा रोज येणारा होता. आज दिली असती तर उद्या उरलेलीही मागितली असती. काळ सोकावतो म्हणतात तो तिथे. तो पडल्यानंतर सरकारनं हायमेनडॉर्फ नावाच्या अभ्यासकाला गोंडांमध्ये पाठवलं, आणि पुढे पुष्कळांना जमिनीचे पट्टे मिळाले. त्या मरणानं मागच्यांना काहीतरी मिळालं. माझ्या गल्लीतला चोर मला जन्मात पुन्हा भेटणार नव्हता. घड्याळासाठी मी मेलो असतो तर काळाची सवय काही सुटली नसती. पण कट्ट्यावर हे म्हणायचं तर आधी छत्री मिटावी लागली असती.

मग २००९ चा जानेवारी आला.

माझा एक जुना विद्यार्थी कापसाच्या एका अडत्याकडे मुनीम होता. अक्षर मोत्यासारखं, शाळेच्या फळ्यावर सुविचार तोच लिहायचा. कापसाचा हंगाम होता. पांढरकवड्याहून वसुलीचे सव्वा लाख रुपये पिशवीत घेऊन तो रात्री मोटारसायकलवर येत होता. सात नंबरचा हायवे, ज्याला आता चव्वेचाळीस म्हणतात. पाटणबोरी मागे टाकली, पैनगंगेचा पूल ओलांडला, आणि थोड्या अंतरावर दोघांनी गाडी आडवी घातली. एकाच्या हातात चाकू. 'पिशवी दे.' यानं दिली नाही. ओरडला, झोंबला. मागून ट्रकचा उजेड आला तसे ते पळाले. पिशवी वाचली. उजव्या मनगटावर मात्र वार बसला होता. आधी इथल्या दवाखान्यात, मग नागपूरला नेलं. जखम भरली, पण आतल्या शिरा काही धड जुळल्या नाहीत. अंगठ्याजवळची दोन बोटं मिटेनाशी झाली.

मी भेटायला गेलो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, 'गुरुजी, म्या बी तुमच्यासारखाच ओरडलो. निस्ती छत्री नव्हती.'

बाजूचे सगळे हसले. मी काय बोललो ते आठवत नाही. घरी आलो. हिनं माझ्याकडे पाहून पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, 'आता तरी सांगा त्याला.' मी म्हटलं, बरा होऊ दे, मग सांगतो. तो बरा झाला. मी सांगितलं नाही. सेठनं दवाखान्याचं बिल भरलं, त्या दिवाळीला नवे कपडे दिले, आणि वर्ष-दीड वर्षानं, लिहिता हात राहिला नाही म्हणून, दुसरा मुनीम ठेवला. यानं बसस्टँडकडे झेरॉक्सचं दुकान टाकलं. मी तिथून जाताना रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जाऊ लागलो. २०१९ साली ही गेली. तिच्या तेराव्याला तो डाव्या हातानं पंगतीत वाढत होता. तेव्हाही मी बोललो नाही.

२०२४ च्या श्रावणात तो माझ्याकडे आला. सोबत मुलगा होता, तेविसेक वर्षांचा, इंजिनिअर झालेला. एम.एस.ला निघाला होता. बँकेचं कर्ज काढलेलं. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाला, शिकागोजवळ.

आपल्या भागातून आता किती पोरं जातात! एकेका गल्लीतून दोन-दोन. आणि अधूनमधून बातमीही येते. २०१८ च्या जुलैत कॅन्सस सिटीतल्या एका हॉटेलात लुटीच्या वेळी गोळी लागून वरंगळचा मुलगा गेला. २०२३ च्या जानेवारीत शिकागोतच लुटारूंच्या गोळ्यांनी आंध्रचा एक मुलगा गेला, हैदराबादचा जखमी झाला. या बातम्या त्या बापानंही वाचल्या असणार. तो पोराला म्हणाला, 'पाया पड आजोबांच्या.' आणि मला म्हणाला, 'गुरुजी, याले सांगा ना, तिथं तुम्ही काय केलं होतं ते. तुमच्या तोंडून ऐकू द्या.'

पोरगा समोर मांडी घालून बसला. तेविशीतला, अंगानं दणकट, डोळ्यांत चमक. चौकात त्या पहिल्या संध्याकाळी जी आशा होती तीच आशा. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला दिसलं, की हा छत्री उगारणार. नक्की उगारणार.

मी सांगितलं. सगळं. वीस डॉलर, घड्याळ, मंगळसूत्र, 'देऊन टाक'. हातात उघडी राहिलेली छत्री. सांगताना मी मुलाकडे पाहत होतो, बापाकडे पाहायची हिंमत नव्हती. मग म्हटलं, 'तुझ्या बापाचा हात माझ्या खोट्यानं गेला. ते आधी सांगायला हवं होतं.'

बराच वेळ कुणी बोललं नाही. पोरगा बापाच्या हाताकडे पाहत होता. मग माझा विद्यार्थी म्हणाला, अगदी सावकाश, हिशेब सांगावा तसा: 'गुरुजी, तुमची गोष्ट आठवली होती मले त्या रात्री. खोटं कायले बोलू. पर ते आठवली नसती तरी म्या पिशवी सोडली नसती. पैसा माह्या नव्हता. पिशवी गेली असती अन् म्या धडधाकट घरी आलो असतो, त सेठ काय म्हनला असता? यानंच दडवली. पोलिसांनी बी आधी मलेच बसवलं असतं. सव्वा लाख कुठून भरलो असतो? हात कापला म्हनून त सार्‍यांले खरं वाटलं.'

थोडं थांबून तो म्हणाला, 'तुमचं बरं होतं गुरुजी. तुमच्यासंगं काकू होत्या.'

तो निघून गेल्यावर मी अंधार पडेपर्यंत ओटीवर बसून राहिलो. आजोबांची गोष्ट मी इतकी वर्षं चोराच्या कशाची गोष्ट म्हणून सांगत होतो. ती होती भावकीची. 'लागलं कसं नाही?' हा प्रश्न विचारणाऱ्याची. लढावं की द्यावं, हे चोरासमोर ठरतं असं आपण म्हणतो. पुष्कळदा ते घरी, दुकानात, चौकात आधीच ठरलेलं असतं. देऊन टाकायलाही ऐपत लागते. माझ्याजवळ ती होती. गेलेलं भरून देणारा मुलगा होता, 'योग्य केलंत' म्हणणारी पोलीस बाई होती, आणि गवतातून घड्याळ शोधून मनगटावर बांधणारी बायको होती. माझ्या शब्दावर शंका घेणारं तिथे कुणीच नव्हतं. तरी मी खोटं बोललो. त्या मुनिमाजवळ यातलं काहीच नव्हतं. त्यानं हात देऊन आपली पत राखली. पुढे तो हात गेला म्हणून नोकरीही गेली, हा हिशेब कुठल्या वहीत लिहायचा, ते मला ठाऊक नाही.

त्यानं मला मोकळं केलं, असं मी मानत नाही. माझी गोष्ट त्याला त्या रात्री आठवली होती, हे त्यानंच सांगितलं. तिचं वजन किती होतं ते तो दयेपोटी कमी सांगत असेल. म्हणून ही दुरुस्ती, ज्या प्रकारच्या पानांवर ते खोटं छापलं होतं त्याच प्रकारच्या पानांवर. कुणाकडे तो जुना अंक असेल तर त्यांनी शेवटचं दीड पान खोडून टाकावं.

आता मला कुणी विचारलं तर मी सांगतो. माल मागितला तर द्यावा. मंगळसूत्रसुद्धा द्यावं, त्या सोन्यासाठी तिचा गळा कापून घेण्यात कसलं सौभाग्य? माल देऊनही तो जीवच घ्यायला उठला, कुठे ओढून न्यायला लागला, तर मग हाताशी येईल त्यानं लढावं, छत्रीनंही. आणि दिलं तरी काही होणार नाही अशी हमी कुणी देऊ शकत नाही, हेही खरं. पण यातलं मोठं काम चोरासमोर उभं राहणाऱ्याचं नाहीच. ते घरी बसलेल्यांचं आहे. लुटला गेलेला माणूस परत आला की त्याला पाणी द्यावं. 'मग?' म्हणून विचारू नये.

मुलगा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गेला. मी त्यांच्या घरी निरोप द्यायला गेलो होतो. बॅगा रिक्षात ठेवल्या होत्या, हैदराबादची बस गाठायची होती. आईनं त्याच्या हातावर दही ठेवलं. बापानं त्याच्या खांद्यावर ते न मिटणाऱ्या बोटांचं पान ठेवलं आणि म्हणाला,

'कोनी अडवलं त सोडून दे बाप्पा. पैसा, फोन, काय मागन ते सोडून दे. घरी फोन कर. तू काऊन सोडलं, असं म्या तुले कधीच इचारनार नाही.'

पोरगा हो म्हणाला. मग बापानं पुन्हा विचारलं, 'आयकलं ना?' तो पुन्हा हो म्हणाला. रिक्षा वळेपर्यंत बापानं ते आणखी दोनदा वदवून घेतलं.